लहान उद्योगाचा सर्व्हर आणि परवडणारा अँटीव्हायरस
(सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, हा विषय संगणकवाल्यांचा आहे, आपल्या सभेत त्याचे काय काम? वास्तविक तसे नाही. आपल्यातील कित्येक जण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, पावणे, तुर्भे, महापे, रबाळे येथे कामाला आहेत. काहींनी कर्ज काढून, गाळा घेऊन स्वतःचा लहानसा उद्योग उभा केला आहे. आपली मुले-मुली हिशेबाच्या, स्टोअरच्या, मालरवानगीच्या टेबलावर संगणकासमोर बसतात. अशा प्रत्येक ठिकाणी एक संगणक असा असतो की, ज्याच्यावर बाकी सगळ्यांचे काम अवलंबून असते. मोठ्या कंपनीत त्याला स्वतंत्र थंडगार खोली असते. आपल्याकडे तो केबिनमधल्या टेबलाखाली, चपला आणि फायलींच्या गठ्ठ्याशेजारी असतो. त्यालाच आपण सर्व्हर म्हणतो.

या सर्व्हरवर काय असते? टॅलीचा हिशेब असतो, बिले असतात, मालाचा साठा असतो, गिऱ्हाइकांची येणी असतात. त्याचप्रमाणे कामगारांची हजेरी, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीची माहितीही त्यातच असते. ही माहिती गेली तर मालकाचे नुकसान होते, हे सर्वांना समजते. परंतु ज्याच्या हजेरीची नोंद त्या एका संगणकाखेरीज कुठेच नाही, त्या कंत्राटी कामगाराने महिन्यात २६ दिवस काम केले हे सिद्ध कसे करायचे, याचा विचार कोणी करत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. १२ तारखेला सर्व्हर बंद पडला तर ती तारीख चुकते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा सर्व्हरची राखण हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून पगाराचा, हक्काचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. म्हणूनच हा विषय आपल्या सभेत मांडावा असे आम्हांस वाटले.

आम्ही काही मंडळी या पट्ट्यातील लहान कारखान्यांचे संगणक सांभाळण्याचे काम करतो. आम्ही कोणत्याही कंपनीचे विक्रेते नाही. जी नावे पुढे येतील ती माहितीसाठी आहेत. अमुकच घ्या, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. निवड कशी करावी, एवढेच सांगणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला सर्वज्ञात व्हायरस ‘ब्रेन’ हा होय. तो १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी लिहिला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात जगभर पोहोचला. त्यानंतर व्हायरस काढणारे कार्यक्रम तयार होऊ लागले. या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर यांचे औपचारिक शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकून त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुकानात येणारे संगणक व्हायरसमुळे वारंवार बिघडत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते. त्यांनी त्यावर उपाय म्हणून कार्यक्रम लिहिले आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस बाजारात आला. पुढे २००७ साली कंपनीचे नावच क्विक हील झाले आणि २०१६ साली तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. विद्यार्थी मित्रांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा उद्योग दुरुस्तीच्या टेबलावर, गिऱ्हाइकाची अडचण रोज डोळ्यांसमोर पाहून सुरू झाला.

त्या काळच्या व्हायरसमध्ये आणि आजच्या संकटात मात्र मोठा फरक आहे. पूर्वीचा व्हायरस संगणक मंद करी, क्वचित माहिती पुसून टाकी. आजचा धोका खंडणीचा आहे. त्याला रॅन्समवेअर म्हणतात. तो आपल्या सर्व फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. २०१७ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेला ‘वॉनाक्राय’ नावाचे रॅन्समवेअर सुटले आणि काही दिवसांत दीडशेहून अधिक देशांत पोहोचले. विंडोजमधील ज्या उणिवेतून ते शिरले, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले.

याच वर्षी संकट आपल्या दाराशी आले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा कार्यक्रम युक्रेन देशात सुटला. त्याची सुरुवात तेथील हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. आपल्याकडे जसे टॅली तसे तिकडे ते सॉफ्टवेअर. त्या मार्गाने तो डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तेथून आपल्या न्हावा-शेवा येथे आला. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहातील कंपनी चालवते. तेथील संगणकव्यवस्था बंद पडली आणि जे काम यंत्रे करीत होती ते हाताने करण्याची पाळी आली. कंटेनर अडकले. पावणे-तुर्भ्यातील मालही याच बंदरातून बाहेर जातो, हे आपणांस सांगायला नको. ज्या कारखान्याने युक्रेनचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या मालाची वाटही अशा एका दिवसात अडू शकते.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी जाहीरपणे सांगितले की, कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे काय अँटीव्हायरस नव्हता? तो होता. तरी हे झाले. कारण नॉटपेट्या केवळ विंडोजच्या उणिवेतून शिरत नसे. एका संगणकावर सापडलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड वापरून तो दुसऱ्या, दुरुस्ती बसवलेल्या संगणकातही घुसत असे. आणि दाखवायला खंडणी मागत असला तरी पैसे भरून माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच.

मग कंपनी सावरली कशी? नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत. म्हणजे एक गेला तर दुसरा कामी येईल, ही कल्पना. पण सगळे एकाच वेळी गेले. शेवटी आफ्रिकेतील घाना देशात एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली आणि तिच्या आधारे सर्व पुन्हा उभे राहिले. कोट्यवधी डॉलरची यंत्रणा वाचवली ती वीज गेल्यामुळे बंद असलेल्या एका सर्व्हरने. आपल्या लहान उद्योगासाठी यातला धडा सरळ आहे. माहितीची एक प्रत अशी हवी की, जिची तार कशालाही जोडलेली नाही.

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे थोडे आहेत, सर्व्हर एक आहे, आठ-दहा संगणक आहेत. परवडणारा अँटीव्हायरस कोणता? आमचे म्हणणे असे की, परवडणे या शब्दाचा अर्थ आधी नीट लावला पाहिजे. खरेदीच्या दिवशी स्वस्त पडला म्हणून तो परवडला, असे होत नाही. ज्याचे नूतनीकरण दरवर्षी वेळेवर करता येते, ज्याच्याकडे आपल्यातील कोणीतरी रोज पाहू शकते आणि जो आपल्या जुन्या यंत्राला पेलतो, तो परवडणारा. आमच्या पाहण्यात असे गाळे आहेत की, जेथे नामांकित अँटीव्हायरस बसवलेला आहे, पण त्याचे चिन्ह मुदत संपल्यामुळे कित्येक महिने लाल आहे. रोज सकाळी सूचना येते आणि रोज सकाळी कोणीतरी ती बंद करून कामाला लागतो. असा पहारेकरी असून नसल्यासारखाच.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवावा. पहिल्याने जी कामे फुकट होतात ती करावीत. दुसऱ्याने माहितीच्या प्रतीसाठी डिस्क घ्यावी. तिसऱ्याने अँटीव्हायरस घ्यावा. बरेच लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात.

फुकट होणारी कामे कोणती ते पाहू. विंडोजच्या दुरुस्त्या नियमित बसवणे हे पहिले. परंतु विंडोजच जुनी असेल तर दुरुस्त्या येणारच नाहीत. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-२ यांचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, सर्व्हर २०१२ आर-२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. लहान कारखान्यांत सर्व्हर म्हणून बहुधा साधा विंडोज १० चा संगणकच वापरात असतो, म्हणून ही शेवटची तारीख विशेष ध्यानात ठेवावी. कंपनीने दुरुस्ती देणे बंद केलेल्या घराला अँटीव्हायरसचे कुलूप लावून फारसे काही साधत नाही.

दुसरे काम दूरस्थ प्रवेशाचे. मालक घरून टॅली पाहतात, हिशेबनीस गावाहून नोंदी करतात. त्यासाठी विंडोजची रिमोट डेस्कटॉपची सोय, म्हणजे ३३८९ क्रमांकाचे दार, थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले असते आणि पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३ असा असतो. चोर जगभरची अशी दारे यंत्राने शोधत असतात आणि पासवर्डही यंत्रानेच लावून पाहतात. एकदा का तो व्यवस्थापक म्हणून आत आला की, प्रथम अँटीव्हायरस बंद करतो आणि मग कुलूप घालतो. म्हणून हे दार बाहेरून बंद करावे, व्हीपीएनमधूनच प्रवेश ठेवावा आणि पासवर्डसोबत मोबाईलवरील दुसरी खूण मागणारी सोय चालू करावी.

तिसरे काम म्हणजे रोजच्या कामासाठी व्यवस्थापकाचे खाते न वापरणे. चौथे काम म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर काढून टाकणे. हे थोडे कडू वाटेल, परंतु सांगणे भाग आहे. परवाना न घेता सॉफ्टवेअर चालवण्यासाठी जो ‘क्रॅक’ बसवतात, त्यातूनच रॅन्समवेअर येण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. शिवाय तो क्रॅक बसवताना अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना असते आणि आपण ती पाळतो. चोराच्या सांगण्यावरून पहारेकऱ्याला घरी पाठवण्याचाच हा प्रकार आहे. पैसे नसतील तर लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांसारखी खरोखर मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती वापरण्यात कमीपणा नाही.

आता माहितीच्या प्रतीविषयी. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क ही प्रत नव्हे, कारण सर्व्हरवरील फायलींबरोबर तिच्याही फायलींना कुलूप बसते. विंडोज स्वतः ज्या जुन्या प्रती ठेवते त्याही रॅन्समवेअर पुसून टाकते. म्हणून दोन डिस्क घ्याव्यात. एक आज जोडावी, प्रत झाली की काढून कपाटात ठेवावी, उद्या दुसरी जोडावी. एक डिस्क आठवड्यातून एकदा गाळ्याबाहेर, मालकाच्या घरी न्यावी, म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरले तरी ती वाचेल. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून एखादी कंपनी टॅलीत उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवू नये.

एवढे झाल्यावर अँटीव्हायरसच्या दुकानात जावे. तेथे कोणते प्रश्न विचारावेत ते आम्ही क्रमाने सांगतो.

एक. हा परवाना सर्व्हरसाठी आहे काय? घरगुती वापराचे पाकीट स्वस्त मिळते, परंतु ते सर्व्हरच्या विंडोजवर बहुधा बसतच नाही. मोफत मिळणाऱ्या कित्येक अँटीव्हायरसचा परवानाही केवळ घरगुती वापरापुरता असतो. उद्योगात तो वापरणे नियमाला धरून होत नाही.

दोन. सर्व्हरबरोबर बाकीच्या संगणकांचे काय? येथे अनेकांची समजूत चुकीची असते. सर्व्हरवर चांगला अँटीव्हायरस आहे, मग बाकीचे कसेही चालतील, असे त्यांना वाटते. परंतु स्टोअरच्या संगणकावर रॅन्समवेअर चालू झाले आणि त्या संगणकाला सर्व्हरवरील सामाईक फोल्डर उघडे असले, तर तो तेथे बसूनच सर्व्हरवरील फायलींना कुलूप घालतो. कार्यक्रम चालतो एका यंत्रावर, नुकसान होते दुसऱ्यावर. म्हणून परवाने सगळ्या संगणकांचे घ्यावेत आणि ज्याला ज्या फोल्डरची गरज नाही त्याला ते उघडे ठेवू नये.

तीन. सगळे संगणक एका पडद्यावर दिसतात काय? कोणाची मुदत संपली, कोणाचे अपडेट थांबले, कोठे काय सापडले, हे एका ठिकाणी दिसले पाहिजे. दहा संगणक रोज फिरून पाहणे कोणाकडूनही होत नाही.

चार. जुन्या यंत्राला तो पेलतो काय? बहुतेक कंपन्या काही दिवस विनामूल्य चाचणी देतात. ती महिनाअखेरीस घ्यावी, जेव्हा टॅलीवर सर्वांत जास्त गर्दी असते. सर्व्हरची संपूर्ण तपासणी रात्री किंवा जेवणाच्या सुट्टीत लावावी. डेटाबेसच्या फायली सतत उघडझाप होत असल्यामुळे त्या तपासणीतून वगळण्याची शिफारस मायक्रोसॉफ्टही आपल्या एसक्यूएल सर्व्हरसाठी करते. परंतु वगळायचे ते नेमके वगळावे. काम मंद झाले म्हणून सगळा डी ड्राइव्हच वगळून ठेवणे धोक्याचे आहे.

पाच. तो पासवर्डाशिवाय बंद करता येतो काय? करता येत असेल तर तो घेऊ नये. आणि तो पासवर्ड विंडोजच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा.

सहा. परीक्षेत त्याला किती गुण आहेत? जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटीव्हायरसची नियमित परीक्षा घेऊन निकाल विनामूल्य प्रसिद्ध करतात. एकाच परीक्षेतील पहिला क्रमांक पाहून भुलू नये. लागोपाठच्या चार-पाच परीक्षांत जो सातत्याने वर आहे तो पाहावा. आणि उद्योगांसाठीच्या आवृत्तीचा निकाल पाहावा, घरगुती आवृत्तीचा नव्हे.

सात. अडचण आली तर फोन कोण उचलतो? रात्रपाळीत सर्व्हर अडला तर इंग्रजीत तिकीट नोंदवून वाट पाहायची की मराठी-हिंदीत बोलणारा माणूस मिळतो? पावण्याला येऊ शकेल असा तंत्रज्ञ आहे काय? या बाबतीत देशी कंपन्यांचा विचार अवश्य व्हावा. पुण्याची क्विक हील उद्योगांसाठी ‘सेक्राइट’ नावाने उत्पादने देते, मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचा ‘ईस्कॅन’ आहे, चेन्नईचा ‘के-७’ आहे. देशी आहे म्हणून आंधळेपणाने घ्यावे असे नाही. वरचे सहा प्रश्न त्यांनाही लागू आहेतच.

आठ. दुसऱ्या वर्षाचा भाव काय? पहिल्या वर्षी सवलत देऊन दुसऱ्या वर्षी दुप्पट रक्कम मागण्याची रीत बाजारात आहे. म्हणून तीन वर्षांचा एकूण खर्च लेखी मागावा.

येथे एक प्रश्न हमखास येतो. विंडोजबरोबर आलेला डिफेंडर पुरेसा नाही काय? हा प्रश्न रास्त आहे. सर्व्हर २०१६ पासून पुढच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अँटीव्हायरस आतच येतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तीन-चार संगणकांचा गाळा असेल, विंडोज अधिकृत आणि चालू आधाराची असेल, दुरुस्त्या नियमित असतील आणि प्रत कपाटात असेल, तर डिफेंडरवर काम चालवणे आम्हांस गैर वाटत नाही. त्यात उणीव आहे ती एका पडद्यावर सगळे दिसण्याची. ती सोय मायक्रोसॉफ्ट वेगळे पैसे घेऊन देते. संगणक वाढले की, ही उणीव जाणवू लागते. आणखी एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या विंडोजवर दुसरा अँटीव्हायरस बसवला की, डिफेंडर आपोआप बाजूला होतो. सर्व्हरच्या विंडोजवर तसे होत नाही, तो हाताने बंद करावा लागतो. नाहीतर दोन पहारेकरी एकमेकांच्याच अंगावर धावतात आणि सर्व्हर मंदावतो. सर्व्हर लिनक्सचा असेल तर ‘क्लॅमएव्ही’ हा मोफत अँटीव्हायरस आहे. तो फायलींची ठरावीक वेळी तपासणी करण्यास उपयोगी आहे, परंतु विंडोजच्या संगणकांचे रक्षण त्याच्यावर सोपवू नये.

महाग घेतला की निश्चिंत झालो, असेही मानू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या नामांकित अमेरिकन कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना द्यावे लागले. तेथे चोर कोणी नव्हता, पहारेकऱ्याचाच पाय घसरला होता. अशा दिवशीही उपयोगी पडते ती कपाटातील डिस्क आणि हाताने काम कसे करायचे हे ठाऊक असलेला माणूस.

आता पैशांचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका सर्व्हरसह दहा संगणक आहेत आणि सरासरी दर संगणकामागे वर्षाला १,००० रुपये भाव ठरला. हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे. एकूण १०,००० रुपये झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,८०० रुपये, मिळून ११,८०० रुपये. महिन्याला हे साधारण ९८३ रुपये पडतात. उद्योगाची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर कराची वजावट मिळू शकते. आता दुसऱ्या बाजूला लिहा, सर्व्हर तीन दिवस बंद राहिला तर काम करणाऱ्या माणसांचा तीन दिवसांचा पगार किती, अडकलेली बिले किती, उशिरा भरलेल्या करावरील व्याज किती. आपापल्या गाळ्याचे आकडे आपणच घालावेत. मालकाला पटवायचे असेल तर व्हायरसची भीती घालून उपयोग होत नाही, हा दोन रकान्यांचा कागद पुढे ठेवावा.

बसवल्यानंतर तो काम करतो की नाही हे पाहण्याचीही निर्धोक रीत आहे. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी-फाईल आहे. ती व्हायरस नाही, परंतु अँटीव्हायरसने तिला व्हायरसाप्रमाणे पकडावे असे कंपन्यांनी आपसांत मान्य केले आहे. ती उतरवून पाहावी. पकडली गेली नाही तर समजावे की, पहारा झोपलेला आहे. विद्यार्थ्यांनी ही चाचणी अवश्य शिकून घ्यावी. परवानगीशिवाय मात्र दुसऱ्याच्या यंत्रावर करू नये.

एवढे करूनही संकट आले तर? प्रथम जाळ्याची तार काढावी, वायफाय बंद करावे. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्यावे. घाईघाईने विंडोज नव्याने टाकू नये, कारण पुरावा आणि कधी कधी किल्लीचा मार्गही त्यात जातो. खंडणी भरू नये. पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी नसते. युरोपोल, डच पोलीस आणि काही अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात. सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत तिला कळवायची असते. पैसे खात्यातून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. हे क्रमांक आजच एका कागदावर लिहून सर्व्हरजवळ चिकटवावेत. सर्व्हर बंद पडल्यावर सर्व्हरमध्ये ठेवलेले क्रमांक सापडत नाहीत.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. या पट्ट्यातील बहुतेक लहान गाळ्यांना पूर्णवेळ संगणक तज्ज्ञ ठेवणे परवडत नाही. पण महिन्यातून दोनदा येऊन दुरुस्त्या पाहणारा, प्रत उघडून तपासणारा, लाल चिन्ह दिसले तर मालकाला सांगणारा विश्वासू माणूस त्यांना हवा असतो. हे काम शिकायला मोठ्या पदवीची अट नाही. नियमितपणा, प्रामाणिकपणा आणि वाचण्याची सवय लागते. ज्याच्या हाती व्यवस्थापकाचा पासवर्ड असतो त्याच्या हाती साऱ्या कारखान्याची येणी-देणी असतात, याचे भान मात्र कायम हवे.

आणि सभासदांना विनंती अशी की, येत्या पंधरा दिवसांत आपण जेथे काम करतो तेथे तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. अँटीव्हायरसची मुदत कोणत्या तारखेला संपते? माहितीची शेवटची प्रत कधी काढली आणि ती आता कोठे आहे? आणि आपली स्वतःची हजेरी त्या प्रतीत आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मालकाने द्यायची आहेत. तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला आहे.